चार बोटं वर राहिलेला गज

आज सकाळी कोवळं ऊन घ्यायला म्हणून फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या घरातले निवृत्त तहसीलदार फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन बाहेर आले. गाडीच्या मागच्या सीटवर ते त्यांनी अलगद आडवं ठेवलं, मला नमस्कार केला आणि ठाण्यात जाऊन येतो म्हणाले. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि आमच्याकडे भोपाळला विधानसभेची निवडणूक हल्ली थंडीच्या तोंडावरच येते. गाडी वळली तशी मी खुर्ची आत ओढली आणि दाराला कडी घातली. सुधानं, माझ्या मुलीनं, विचारलं, आई, इतक्यात ऊन पुरे झालं? मी म्हटलं, वारा सुटलाय.

वारा नव्हता. शाहपुऱ्याच्या तळ्यावर पान हलत नव्हतं. पण पाठीत ती जुनी थंडी शिरली होती, जी हवेतून येत नाही. नव्वदी ओलांडलेल्या बाईनं चादरीतल्या बंदुकीला भ्यावं, याचं सुधाला हसू आलं असतं. तिला काय सांगू, की तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर एक भरलेली नळी होती, आणि मी तिला कडेवर घेऊन रोज चार वेळा त्या नळीसमोरून जात होते? तिला ते ठाऊक नाही. त्या हिवाळ्यात ती आठ महिन्यांची होती.

राज्यं नव्यानं आखली गेली तो हिवाळा. नागपूरची राजधानी गेली आणि भोपाळची झाली. सचिवालयातल्या कारकुनांच्या याद्या लागल्या, कुणी मुंबई राज्यात, कुणी मध्य प्रदेशात. यांचं नाव भोपाळच्या यादीत निघालं. माझं माहेर नागपुरात, म्हणजे आता दुसऱ्या राज्यात. फायलींनी भरलेल्या लाकडी पेट्या आणि त्यांच्यामागून माणसं असं सगळं आगगाडीनं इकडे आलं. राहायला जागा नव्हती. कितीतरी लोक बराकीत एकेका खोलीत सहा-सहा जण राहत होते आणि बायकामुलं गावी ठेवून आले होते. यांनी तीन आठवडे पायपीट करून जुन्या शहरात, मोठ्या तलावाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत माडीवरच्या दोन खोल्या मिळवल्या आणि मला पत्र लिहिलं. हवा उत्तम आहे, तलाव समुद्रासारखा आहे, घरमालक म्हातारे आणि सज्जन आहेत. बंदुकांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

टांग्यातून उतरून मी त्या घरात शिरले तेव्हा बाहेरच्या उन्हानं डोळे दिपलेले होते. आत आधी फक्त वास आला, जवसाच्या तेलाचा. आमच्या घरी थंडीत जवसाची चटणी व्हायची, त्यामुळे क्षणभर बरं वाटलं. मग अंधाराला डोळे सरावले. लांबट दालान होतं, त्याच्या टोकाला आमच्या माडीचा जिना, आणि दोन्ही भिंतींवर लाकडी खुंट्यांवर आडव्या ठेवलेल्या बंदुका. शिकारीच्या नाहीत. पलटणीच्या, लांब, जड, दस्त्याला पितळ मारलेल्या. मी सुधाला छातीशी धरलं आणि त्या मोजल्या. अकरा होत्या.

घरमालक यावर मियाँ. रियासतीच्या फौजेत शस्त्रागारात मिस्त्री होते. मोडक्या बंदुका दुरुस्त करायच्या आणि झाडून बघायच्या, यात सगळं आयुष्य गेलेलं. त्या आवाजांनी उजवा कान पार गेला होता, डाव्यानं जेमतेम ऐकू यायचं आणि आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. फौज मोडली, नवी हत्यारं सरकारजमा झाली, जुनी भंगारात गेली. मियाँना ते सहन झालं नाही. ते भंगारवाल्यांकडून, खेड्यापाड्यांतून पलटणींच्या जुन्या बंदुका शोधून आणू लागले. एक त्यांना बैरागढच्या पलीकडे कुणाच्या घरी दाराचा अडसर म्हणून लावलेली सापडली होती. एकीची नळी एका शेतकरणीनं चुलीची फुंकणी केली होती, आणि ती सोडायला ती तयार होईना म्हणून मियाँनी तिला दुसरी फुंकणी नेऊन दिली. मग दस्ता त्यांनी स्वतः शिसवीच्या लाकडाचा कोरला. प्रत्येक दस्त्यावर कुठे ना कुठे कुणा शिपायानं चाकूच्या टोकानं काहीतरी कोरलेलं असायचं, नाव, चंद्रकोर, नाहीतर नुसत्या रेघा. मियाँ त्या जागेवरून बोट फिरवत. ठासणीची कुठली, स्नायडर कुठली, मार्टिनी कुठली, कुठली कुठल्या मुलखात झिजली, हे ते असं सांगत की वाटावं भिंतीवर बंदुका नाहीत, सोयरेधायरे टांगलेत. सकाळच्या उन्हात बसून ते एकेक मांडीवर घेत आणि जवसाचं तेल चोळत.

मला त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. मला फक्त भीती वाटायची.

बेचाळीस साली नागपुरात आमच्या गल्लीत गोळीबार झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडिलांनी आम्हा सगळ्यांना खाटेखाली दाबून धरलं होतं. बाहेर आलो तेव्हा शेजारच्यांच्या पाण्याच्या पिंपाला भोक पडलेलं होतं आणि त्यातून बारीक धार अंगणात वाहत होती. कुणी मेलं नव्हतं आमच्या गल्लीत. पण ती धार मी किती वेळ बघत राहिले आणि मला हलता येईना. पुढे लग्न झालं, मूल झालं, पण बंदूक दिसली की पोटात ती धार सुरू व्हायची.

आणि आता येता-जाता त्याच दालानातून जायचं. पाण्याचा नळ खाली, न्हाणी खाली, बाहेरचं दार खाली. सगळ्या नळ्यांची तोंडं जिन्याकडे. जिन्यालगतची शेवटची बंदूक खालच्या खुंटीवर होती, बरोबर माझ्या कमरेच्या उंचीला, जिथे कडेवरचं मूल येतं. पायरीवर पाय ठेवताना मी सुधाच्या डोक्यावर माझा पंजा धरायची. पंज्यानं काय होणार होतं? पण धरायची. यांना मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते म्हणाले असते, मग तू नागपूरला जा, मी बराकीत राहतो. आणि नागपूर आता लांब होतं.

मियाँच्या बायकोला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. गोरीपान, ठेंगणी, दुपारी मला हाक मारून मीठ घातलेला चहा पाजणारी. तो चहा पहिल्यांदा घशाखाली उतरला नाही, मग त्याच्याशिवाय दुपार जाईना. खाला आणि मियाँना मूल नव्हतं. सुधाला बघितलं की म्हातारा लहान होऊन जायचा. मी जिना उतरू लागले की ते शेवटच्या बंदुकीपाशी येऊन उभे राहत, अंगठ्यानं तिचा घोडा मागे ओढत आणि सोडून देत. खट्. सुधा खदखदून हसायची. पुन्हा खट्, पुन्हा हसणं. मी हसल्यासारखं करायची. एकदा धीर करून विचारलं, तर त्यांनी समजावून सांगितलं की त्यांच्या घरात एकही बंदूक भरलेली नाही, प्रत्येक त्यांनी स्वतःच्या हातानं तपासली आहे. ही एक सोडून, असं ते पुढे म्हणाले नाहीत. ते मला नंतर कळलं.

ही शेवटची बंदूक त्यांच्या धाकट्या भावाची. नाव अन्वर. एक डोळा बारीक करून हसणारा, कशालाच न घाबरणारा, गल्लीच्या टोकाच्या घरात एकटा राहणारा. सत्तेचाळीस साल आलं तेव्हा भोपाळमध्ये मोठं काही झालं नाही, पण दुरून येणाऱ्या गाड्यांनी माणसं आली आणि त्यांच्याबरोबर ऐकवत नाहीत अशा गोष्टी आल्या. त्यानंतर चार-सहा महिन्यांनी अन्वरनं सांगितलं की कराचीत मोठी नोकरी मिळते आहे, मी निघालो. जाताना ठासणीची ही जुनी बंदूक भावाच्या हातात दिली आणि म्हणाला, रिकामी आहे, बघून घेतली आहे. मियाँनी ती तशीच खुंटीवर ठेवली. भावाचा शब्द काय तपासायचा? पण त्याच्या जाण्यानं ते मनातून दुखावले होते. आईवडिलांच्या कबरी, भाऊ, भावजय, सगळं सोडून नोकरीसाठी जातो, म्हणजे लोभच ना. कराचीहून पत्रं आली. नऊ वर्षांत मियाँनी एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं. हे सगळं खालांनी मला तांदूळ निवडताना सांगितलं होतं, आवाज खाली आणून, जरी मियाँना त्या अंतरावरून ऐकू येणं शक्य नव्हतं तरी.

मग डिसेंबरात फर्मान निघालं. रियासतीच्या वेळचे तोंडी आणि लेखी परवाने आता चालणार नाहीत, ज्याच्याकडे जी हत्यारं असतील त्यांची यादी इंग्रजीत करून द्यावी. प्रकार, शिक्का, क्रमांक, नळीची लांबी, स्थिती. मियाँना इंग्रजी येत नव्हतं. यांना ऑफिसातून यायला दिवेलागण व्हायची. मी मॅट्रिक झालेली. मियाँनी मला विचारलं तेव्हा इतक्या अदबीनं विचारलं की नाही म्हणायला जीभ उचलेना. अकरा वेळा मला त्या बंदुकांजवळ जावं लागणार होतं.

त्या दुपारी दालानाचं दार सताड उघडं होतं. थंडीतलं तिरपं ऊन आतपर्यंत आलं होतं. खाला सुधाला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी कागद मांडले, शिवणाची टेप घेतली. बाहेरून लांबी मोजून चाललं असतं, पण मियाँना ते पटेना. नळी आतून मोजायची, हीच मिस्त्रीची रीत. ठासणीच्या बंदुकीखाली बार ठासायची लोखंडी कांब खोचलेली असते, तिला ते गज म्हणत. बंदूक उभी धरायची, गज नळीत सोडायचा, नळीच्या तोंडापाशी खूण करायची, बाहेर काढून मोजायचं. त्यांना खूण नीट दिसत नव्हती म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या वेळी माझी बोटं लोखंडाला चिकटल्यासारखी झाली, इतकं ते गार होतं. गज तळाला टेकला की टण् वाजायचं. दोन झाल्या, तीन झाल्या. भीती थोडी सैल पडली. अंक लिहिताना माणूस फार भीत नाही.

ठासणीच्या आधी घेतल्या होत्या, त्यांत अन्वरची बंदूक चौथी. त्याआधी मोजलेल्या एकीची ती जुळी बहीण होती. तोच मुकुटाचा शिक्का, तीच घडण, बाहेरून टेप लावली तर केसाचा फरक नाही. मी गज सोडला. टण् वाजलं नाही. ओल्या मातीवर काहीतरी पडावं तसा आवाज आला, आणि गज थांबला. त्याचं डोकं नळीच्या तोंडाबाहेर राहिलं. मी बोटं लावून बघितली. चार बोटं.

मी मियाँना म्हटलं, मियाँ, इसमें गज पूरा नहीं जाता. ते म्हणाले, कचरा असेल, पुन्हा सोड. मी पुन्हा सोडला. मग त्यांनी बंदूक माझ्या हातून घेतली, गज वर उचलला, डावा कान नळीला लावला आणि गज हळूच सोडला. त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो माझ्या डोळ्यांसमोर उतरत गेला. त्यांनी गज काढला नाही, हलवला नाही. घोड्यावरून अंगठा एखाद्या झोपलेल्या जनावरावरून काढावा तसा बाजूला घेतला.

"बेटी," ते म्हणाले, "बच्ची को लेकर बाहर जाओ। भागना मत।"

मी पळाले नाही. खालांच्या मांडीवरून सुधाला उचललं, उंबरा ओलांडला, गल्ली ओलांडली, समोरच्या भिंतीला पाठ लावली आणि तिथेच खाली बसले. खट्. खट्. कितीदा केलं होतं त्यांनी ते? रोज दोनदा, तीनदा. घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी नव्हती म्हणून बार उडाला नव्हता, इतकंच. सुधाला वाटलं मी खेळते आहे. ती माझ्या तोंडात बोटं घालत होती आणि मला तिची बोटं जाणवत नव्हती.

मियाँनी बंदूक उभी धरून मागच्या अंगणातल्या मातीच्या कोठडीत नेली, तोंड भिंतीकडे करून ठेवली आणि दाराला बाहेरून साखळी लावली. मग गल्लीत आले. सुधाच्या पायाला त्यांनी हात लावला आणि आत गेले.

हे ऑफिसातून आले आणि मी जिन्यावरच सगळं सांगितलं. यांनी ट्रंक ओढून काढली, दोन लुगडी आत टाकली, आणि मग ट्रंकेवरच बसून राहिले. जायचं कुठे? तेव्हा हे जे बोलले ते मी कधी विसरले नाही. म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून घाबरतोय गं या बंदुकांना. जिना चढताना श्वास रोखून धरतो. तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस." मला हसू फुटलं, रडूही. तीन आठवडे एकाच जिन्यावरून दोन माणसं एकमेकांपासून लपवून श्वास रोखत चढली होती.

बार काढायला वेळ लागणार होता. मियाँनी सांगितलं की आधी टोपी बसते त्या छिद्रातून थेंब थेंब तेल आत सोडायचं, म्हणजे मागची दारू भिजून निर्धोक होईल, आणि मगच वरून गोळी ओढायची. तीन दिवस. ते तीन दिवस मी उजाडलं की सुधाला घेऊन तलावावर जायची. खाला बरोबर यायच्या, बुरख्यात, हातात चहाची किटली. थंडीतलं तलावाचं पाणी पोलादी रंगाचं दिसतं. एरवी सुंदर म्हटलं असतं. मला ते नळीसारखं दिसायचं. कुठे धोबी कपडा आपटायचा आणि मी दचकायची. सुधाला झोप लागली की तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. खाला किटलीतला चहा ओतून पुढे करायच्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की मियाँ जेवत नाहीत, कोठडीच्या दाराशी बसून असतात. चाळीस वर्षं पलटणीच्या बंदुका ज्यानं तपासल्या, त्यानं स्वतःच्या घरातली तपासली नाही.

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर मियाँ कोठडीत गेले आणि आतून कडी लावली. गजाच्या टोकाला बसणारा, गोळीत रुतवून ती ओढायचा पेचाचा खिळा त्यांनी स्वतः घासून केला होता. यांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. आम्ही चौघं गल्लीत उभे, मी, हे, खाला आणि यांच्या खांद्यावर सुधा. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मी एका बाजूनं देवाचं नाव घेत होते आणि खालांचे ओठ दुसऱ्या बाजूनं हलत होते. एक सायकलवाला घंटी वाजवत गेला आणि यांनी सुधाचे कान झाकले. किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन माझ्या पायांवरून सरकून भिंतीवर चढलं होतं.

मियाँ बाहेर आले ते तळहात पसरून. त्यावर शिशाची ओबडधोबड गोळी, तेलात कालवलेल्या काळ्या दारूचा लगदा, आणि गोळीच्या वर ठासलेला कागदाचा बोळा. त्यांना वाटत होतं बार शंभर वर्षांचा असेल, कुणा शिपायानं भरून विसरलेला. पण कागद जुना नव्हता. वरचा असल्यानं त्याला तेल लागलं नव्हतं. खालांनी तो गुडघ्यावर ठेवून हलक्या हातानं उलगडला. उर्दू वर्तमानपत्राचा तुकडा होता. एका बाजूला हकिमाच्या औषधाची जाहिरात. दुसऱ्या बाजूला कोपऱ्यात महिना आणि साल. खालांनी वाचलं, सत्तेचाळीसचा सप्टेंबर.

मियाँनी पुन्हा वाचायला लावलं. मग पायरीवर बसले. बंदूक त्या महिन्यात अन्वरच्याच घरात होती. म्हणजे बार त्यानंच भरला होता. एक डोळा बारीक करून हसणाऱ्या, कशालाच न घाबरणाऱ्या अन्वरनं. "वो डरा हुआ था," मियाँ म्हणाले, "और मैं समझा, लालची है।"

त्याच आठवड्यात त्यांनी नऊ वर्षांतलं पहिलं पत्र लिहिलं. मी यादी पुरी केली. चौथ्या बंदुकीच्या स्थितीच्या रकान्यात 'रिकामी' असं इंग्रजीत लिहिताना मी ठळक लिहिलं, कागद फाटेपर्यंत. जानेवारीत अधिकारी येऊन बघून गेले. ज्यांची काडतुसं आता मिळतात अशा सहा सरकारजमा झाल्या. पाच मियाँकडे राहिल्या, त्यांत अन्वरचीही होती. शिपाई त्या सहा गोणपाटात बांधून नेत होते तेव्हा मियाँ त्यांना सांगत राहिले की आठवड्यातून एकदा तेल लावा. भिंतीवर रिकाम्या खुंट्या राहिल्या. मला हलकं वाटायला हवं होतं. पण जिना चढताना माझा पंजा सुधाच्या डोक्यावर जायचा तो जायचाच. यांचा श्वास तरी मोकळा झाला असेल का, मी विचारलं नाही.

पुढे आम्हाला सरकारी घर मिळालं, सुधाच्या पाठचा मुलगा मोठा होऊन बरखेड्याच्या कारखान्यात लागला, आम्ही तिकडे राहिलो, मग इथे शाहपुऱ्यात. एवढी घरं झाली. पण घर म्हटलं की मला अजून ते दालानच आठवतं, तिरपं ऊन आलेलं.

त्या वर्षीची होळी झाली, हवा तापायला लागली, आणि एका दुपारी कराचीचं पाकीट आलं. मियाँनी मला माडीवरून खाली बोलावलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, बार मी शोधला म्हणून. खाला वाचत होत्या. मियाँ डावा कान त्यांच्याकडे करून बसले होते.

अन्वरनं लिहिलं होतं की हो, बार मीच भरला. गाड्यांनी आलेल्या लोकांचं ऐकून ऐकून मला अन्न जात नव्हतं. एका दुपारी गल्लीतून कुणी धावत गेलं, लांब कुठे आरडाओरड झाली. मी दाराला अडसर घातला, बंदूक भरली, टोपी चढवली आणि दारावर रोखून बसलो. थोड्या वेळानं दारावर थाप पडली. मी विचारलं, कोण? उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नुसती थाप. चापावर माझं बोट होतं आणि ते आपोआप मागे येत होतं, मला ते थांबवता येत नव्हतं. तेवढ्यात बाहेर कुणी खोकलं. भाईजान, तो तुमचा खोकला होता. तुम्हाला माझा आवाज ऐकू आला नव्हता. तुम्ही भाभींनी दिलेलं रस्सेदार सालन घेऊन आला होता.

खालांनी पान उलटलं. मग पुढचं वाचलं. आपल्या भोपाळात मला मारायला कुणी आलं नाही. मारणार होतो तो मी, आणि तुम्हाला. त्यानंतर त्या दाराकडे मला बघवेना. हे सांगायची हिंमत नव्हती, म्हणून नोकरीचं सांगितलं. टोपी काढून फेकली, पण बार काढायला बंदूक पुन्हा हातात धरवेना. भरलेली आहे म्हटलं असतं, तर का भरली, हे तुम्ही विचारलं असतं.

मियाँनी खालांना विचारलं, कुठलं सालन होतं? खाला म्हणाल्या, अरबीचं, म्हणजे आपल्या अळकुड्यांचं. "दरवाज़ा बड़ी देर से खोला था उसने," मियाँ म्हणाले. "मैंने डाँटा था, कि सालन ठंडा हो गया।"

त्यांनी तिथेच कागद मागितला. डोळ्यांजवळ धरून दोनच ओळी लिहिल्या आणि पाकिटावर इंग्रजी पत्ता घालायला माझ्याकडे दिला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

मियाँना कराचीला जायचा परवाना मिळायला दोन वर्षं लागली. तोवर आम्ही ते घर सोडलं होतं, पण मी खालांकडे मिठाचा चहा प्यायला जायचेच. ती दोघं कराचीला जाऊन आली तेव्हा खालांनी मला सांगितलं. अन्वरच्या दाराशी पोचल्यावर मियाँनी खालांचा हात मागे धरला, कडीला हात लावू दिला नाही. आधी बाहेर उभं राहून स्वतःचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट, बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात. दार उघडायच्या आत सगळी गल्ली बाहेर आली होती.